पंखा, फ्रिज आणि शेतजमीन

माल कोणाला विकायचा हे ठरवताना भारतातल्या कंपन्या २०११ पासून 'एनसीसीएस' ही घरांची प्रतवारी वापरत आल्या आहेत. ए-१ ते ई-३, अशा १२ पायऱ्या. पायरी ठरते दोन गोष्टींवर: मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ११ पैकी किती वस्तू घरात आहेत. यादीत पंखा, गॅस, फ्रिज आहे, शेतजमीनही आहे.

माझा आक्षेप इथेच आहे. जमीन दुकानात मिळत नाही. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती १६.६ टक्के होत्या. २०१५-१६ च्या कृषी गणनेत वहितीच्या क्षेत्रातला त्यांचा वाटा सुमारे ९ टक्के. शिक्षणाचंही तसंच. मुख्य कमावते वडील चौथी शिकलेले असतील, तर पदवीधर मुलीची पदवी या मोजणीत धरलीच जात नाही.

म्हणजे जात न विचारता हा तक्ता जातीचे परिणाम मोजतो आणि त्याला 'ऐपत' म्हणतो. मग खालच्या पायरीवरच्या घराने शांपूची पुडी घेतली, की ती त्याची 'आवड' ठरते.

आपल्यातले अनेक जण आज हेच तक्ते वाचायची नोकरी करतात. त्यांनी बैठकीत एवढं तरी विचारावं: हे घर या पायरीवर कोणी ठेवलं?