शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा : उपचाराचा उत्तरार्ध

खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धेवर शस्त्रक्रिया होते, क्ष-किरणचित्रात हाड नीट बसलेले दिसते, आणि काही दिवसांत तिला घरी पाठविण्यात येते. घरची मंडळी मायेने तिला अंथरुणावरून हलू देत नाहीत. काही महिन्यांनी हाड सांधलेले असते. परंतु वृद्धेला चालता येत नाही. हा दोष शल्यविशारदाचा नव्हे, मायेचाही नव्हे. उपचाराचा उत्तरार्ध कोणाच्याच हाती सोपविलेला नव्हता, हे त्याचे कारण होय.

विश्रांतीने शक्ती येते ही समजूत जुनी आहे, आणि म्हणूनच ती सहजी सुटत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्धांना केवळ १० दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील मांसल भाग सुमारे एक किलोग्रॅमने घटल्याचे आढळले. निरोगी माणसांची ही गत, मग आजाऱ्यांची काय कथा! शिवाय एकाच स्थितीत पडून राहिल्याने त्वचेचा रक्तपुरवठा दबून व्रण पडतात, पायांच्या शिरांत रक्त गोठते, छातीत कफ साचतो. म्हणून रुग्णाची कूस ठरावीक वेळाने पालटणे, त्यास दीर्घ श्वास घ्यावयास लावणे, शक्य तर दुसऱ्याच दिवशी आधाराने उभे करणे, ही वरकड सेवा नसून उपचारच होय. पायावर किती भार द्यावा व कोठे थांबावे, हे जाणण्यास शिक्षित परिचारिका आणि भौतिकोपचारतज्ज्ञ लागतात.

या विद्येची परंपरा भारतात नाही असे नाही. १९५४ च्या मोटार अपघातानंतर वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांचे कमरेखालचे अंग लुळे पडले. तरीही चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढे पुनर्वसनवैद्यकाचे शिक्षण घेऊन त्या परतल्या, आणि १९६६ साली वेल्लोरला पुनर्वसन संस्था उभी राहिली.

अशा सोयी मात्र विरळाच राहिल्या. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना रुग्णालयातून सुटल्यानंतरचा १५ दिवसांपर्यंतचा खर्च देते. खुबा मोडलेल्या माणसाला पूर्ववत् चालावयास महिने लागतात. जिल्हा रुग्णालयांतून या मधल्या काळासाठी काही खाटा राखून ठेवणे अशक्य नाही. तोवर निदान एवढे तरी व्हावे, की रुग्णास घरी धाडण्यापूर्वी परिचारिकेने घरातील एका माणसाकडून त्यास उठविणे, बसविणे व चालविणे प्रत्यक्ष करवून घ्यावे, आणि सोबतच्या कागदावर गोळ्यांच्या नावांखाली रोज किती वेळा उभे राहावे हेही लिहून द्यावे.