पाण्याला वाट ठेवली का?

राजगडाला जाणारी मंडळी मार्गासनीला वळतात ती गडाकडे बघत. मी तिथे जायचो कर्जप्रकरणं घेऊन. पस्तीसएक वर्षांपूर्वी बँकेत अधिकारी असताना डोंगरउतार सपाट करून भातखाचरं काढण्यासाठीचे अर्ज माझ्याकडे येत. सातबारा, जामीनदार, हप्ते, सगळं मी बारकाईनं तपासायचो. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, ''सायेब, बांध घालायचा खरा, पर आतल्या पान्याला वाट?'' मी हसलो. अर्जात तसा रकानाच नव्हता.

त्या प्रश्नाला गणित आहे, हे मला फार उशिरा कळलं. फ्रान्समधल्या हेन्री डार्सी या अभियंत्यानं 1856 साली वाळूतून पाणी झिरपवून नियम मांडला : मातीतून किती पाणी वाहील, हे तिची झिरपण आणि पाण्याचा उतार यांवर ठरतं. समजा, कातळावर दोन मीटर माती आहे, झिरपण दिवसाला एक मीटर आणि उतार पाचास एक. अशी माती पूर्ण भिजली, तरी एक मीटर रुंदीतून दिवसाला सुमारे 400 लिटर पाणी खाली नेते. वर शंभर मीटर उतार असेल आणि रोज फक्त दहा मिलिमीटर पाऊस आत मुरला, तरी येणारं पाणी होतं 1000 लिटर! उरलेलं जाणार कुठे? ते मातीत चढत जातं, कणांमधला दाब वाढवतं, त्यांची पकड ढिली करतं. मग एखाद्या पहाटे उतार सुटतो.

30 जुलै 2014 ला आपल्याच जिल्ह्यातलं माळीण गेलं. दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. त्यानंतर 2021 साली तळीये, 2023 साली इर्शाळवाडी.

आज संगणक अख्ख्या डोंगराचं हे गणित मांडतो. पण त्याला लागणारे आकडे, म्हणजे मातीची जाडी, झिरपण, पाण्याची पातळी, त्याच उतारावर मोजावे लागतात. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. उतारावरच्या प्रत्येक गावात पर्जन्यमापक हवा, जमिनीतलं पाणी मोजणारी नळी हवी आणि तिची रोजची नोंद हवी. शेत असो की फार्महाऊस, डोंगराला जेसीबी लावण्याआधी पाण्याची वाट कागदावर दाखवायला हवी.

त्या म्हाताऱ्याला मी उत्तर दिलं नव्हतं. कर्ज मात्र मंजूर केलं होतं.