मुलांच्या हाती कॅमेरा

मुलांच्या दुःखाची छायाचित्रे आजवर बहुधा मोठ्यांनीच काढली आहेत. ती व्यर्थ गेली, असे मात्र नाही. अमेरिकेत लुईस हाइन या छायाचित्रकाराने 1908 पासून गिरण्यांत व कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या मुलांची छायाचित्रे घेतली. त्यांमुळे लोकमत जागे होण्यास मोठे साहाय्य झाले आणि पुढे 1938 मध्ये त्या देशात बालमजुरीवर कायद्याने बंधने आली. हाइनचे कार्य थोर खरे; परंतु काय दाखवावे आणि काय वगळावे, हे त्या छायाचित्रांत मोठ्या माणसानेच ठरवले होते.

कॅमेरा मुलांच्याच हाती दिला तर काय घडते, हे मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात दिसून आले. त्या देशाच्या राजधानीत शहरभरचा कचरा एका दरीत टाकला जात असे आणि अनेक कुटुंबे तो वेचून पोट भरत. 1991 मध्ये नॅन्सी मॅकगर या वृत्तछायाचित्रकार बाईंनी तेथील सहा मुलांना साधे कॅमेरे दिले. त्यांतील सर्वांत लहान मूल अवघे पाच वर्षांचे होते. मुलांनी आपली माणसे, आपली घरे व आपला परिसर टिपला. परक्याला जेथे केवळ उकिरडा दिसतो, तेथे त्या मुलांचे घर होते, आई होती, भावंडे होती. त्यांची छायाचित्रे पुढे परदेशांतील प्रदर्शनांतही मांडली गेली.

ज्याला पोटभर अन्न नाही, त्याला कॅमेरा कशासाठी, असे कोणी विचारील. ही शंका रास्त आहे. छायाचित्राने भूक भागत नाही. म्हणूनच ग्वाटेमालातील त्या कार्यात कॅमेऱ्याबरोबर शालेय शिक्षणासाठीही साहाय्य देण्यात आले, आणि त्यांतील काही विद्यार्थी मोठेपणी तेथेच शिक्षक झाले. परंतु ज्याला केवळ अन्न मिळते आणि ज्याचे म्हणणे कोणीच विचारीत नाही, ते मूल दयेचा विषय होऊन राहते. संयुक्त राष्ट्रसंघाने 1989 मध्ये बालहक्कांचा करार संमत केला व भारताने तो 1992 मध्ये स्वीकारला. आपल्यासंबंधीच्या गोष्टींत आपले मत मांडणे आणि ते कलेच्या द्वारे प्रकट करणे, हाही मुलांचा हक्क आहे, असे तो करार सांगतो.

अर्थात हक्काबरोबर जबाबदारीही येते. ज्याचे छायाचित्र घ्यावयाचे, त्याची अनुमती घेतली पाहिजे. कोणाच्याही दैन्याचे प्रदर्शन मांडता कामा नये. मोठ्यांची जबाबदारी तर याहून अधिक आहे. मुलाने टिपलेले छायाचित्र पाहून डोळे पाणावणे सोपे असते. त्या छायाचित्रात दिसणारी उणीव दूर करण्यासाठी झटणे, हेच त्याचे म्हणणे खऱ्या अर्थाने ऐकणे होय.