उत्तर आत्ताच सांगू नका

या दिवाळी अंकात पानोपानी गणिताची कोडी आहेत आणि त्यांपैकी एकाचंही उत्तर अंकात नाही. शेवटच्या पानावर उलटं छापलेलं नाही, पुढच्या अंकात देऊ असंही म्हटलेलं नाही. यावरून संपादक मंडळात चांगलीच वादावादी झाली. सणासुदीला वाचकाला असं अडवून का ठेवायचं, पोरं आधीच गणिताला बिचकतात, त्यात ही भर कशाला, असे आक्षेप होते आणि ते रास्त होते. तरी निर्णय कायम ठेवला. त्याचं कारण कोल्हापूरच्याच दोन घराण्यांच्या गोष्टीत आहे.

२० मे २०२५ रोजी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८चा. वडील विष्णू वासुदेव नारळीकर मूळचे इथलेच. केंब्रिजहून रँग्लर होऊन आले आणि बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवू लागले. आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार, माहेरच्या हुजूरबाजार. नामवंत संख्याशास्त्रज्ञ वसंतराव हुजूरबाजार हे त्यांचे भाऊ, तेही कोल्हापुरातच जन्मलेले. आणखी एक भाऊ मोरेश्वर, म्हणजे मोरूमामा, एम.एस्सी. करायला बनारसला बहिणीकडे राहायला आले. घरात मुलांसाठी भिंतीवर फळे केलेले होते. मामा त्यावर एखादं गणित लिहून ठेवायचे आणि वर मथळा द्यायचे, ‘जेव्हीएनसाठी आव्हान’. जेव्हीएन म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. भाचा शाळकरी, गणित शाळेच्या पुस्तकाबाहेरचं. भाच्यानं ते सोडवेपर्यंत किंवा हार मानून मामांकडे उत्तर मागेपर्यंत ते फळ्यावर तसंच राहायचं. नारळीकरांनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली.

ही गोष्ट ऐकल्यावर बहुतेक जण म्हणतात, बाप रँग्लर, मामा गणिती, पोरगं हुशार निघणारच. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते फळा न पुसणं. त्या घरात उत्तर कुणाकडे तरी तयार होतं, पण ते कुणी पुढे केलं नाही. मुलानं जेवताखेळताना, झोपताना ते गणित डोक्यात घोळवावं, एवढी सवड त्याला दिली. गुण नव्हते, वेळ लावलेली नव्हती, आणि हरलो म्हणण्यात कमीपणाही नव्हता.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघू. शिष्यवृत्ती परीक्षेच्या यादीत कोल्हापूरच्या जिल्हा परिषदेच्या शाळा चमकतात, याचा मला मनापासून अभिमान आहे. डोंगरकपारीतल्या वाड्यांवरचे शिक्षक सकाळी शाळा भरायच्या आधी आणि संध्याकाळी सुटल्यावर जादा तास घेतात, सुट्टीचे दिवस घालवतात, त्यासाठी एक पैसा घेत नाहीत. त्यांच्या कष्टाला बोल लावायचा नाही. पण त्या परीक्षेचा एक पेपर ७५ प्रश्नांचा आणि वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. ७२ सेकंदांत विचार होत नाही, ओळख पटते. हा अमुक प्रकारचा प्रश्न, याला तमुक युक्ती, की गोल काळा करायचा. कोड्यासारखे दिसणारे प्रश्न त्या पेपरात भरपूर असतात, पण त्यांचं उत्तर काढायची रीत मुलाला आधीच पाठ झालेली असते. रीत आधी कळली की कोडं उरत नाही, ते उदाहरण होतं. तालमीत वस्ताद पोराला डाव तोंडी समजावून घरी पाठवत नाही, मातीत झटू देतो. गणितात मात्र आपण झटायच्या आधीच पोराला उचलून बाहेर काढतो.

एक जुनं कोडं घेऊ. गुळाच्या पेठेतल्या एका व्यापाऱ्याकडे ४० शेरांचा, म्हणजे एक मणाचा दगड होता. तो पडला आणि त्याचे चार तुकडे झाले. व्यापारी आधी हळहळला, मग त्याच्या ध्यानात आलं की या चार तुकड्यांनी दोन पारड्यांच्या तराजूवर १ शेरापासून ४० शेरांपर्यंत कोणतंही पूर्ण शेरांचं वजन करता येतं. तर तुकडे किती किती शेरांचे?

पाचवी-सहावीच्या मुलांना हे घाला आणि गप्प बसा. पहिला तुकडा १ शेराचा, हे बहुतेकांना लगेच सुचेल. मग २, मग ४, मग ८. चारही तुकडे संपले आणि वजन जेमतेम १५ शेरांपर्यंत पोचलं. शिवाय बेरीज ४० होत नाही. इथे वर्ग अडतो आणि इथेच शिक्षकाची जीभ वळवळते. ती आवरायची. मुलं खाडाखोड करतील, कोडंच चुकीचं आहे म्हणतील, कुणी तरी खरोखरचा तराजू मागेल. तो द्यावा, नाही तर दोन पुठ्ठे आणि दोरीचा करून घ्यावा. तराजू हातात आला की कधी तरी एखाद्या मुलीच्या लक्षात येतं की वजन गुळाच्या पारड्यातही ठेवता येईल. एका पारड्यात ३ शेरांचा तुकडा, दुसऱ्यात गूळ आणि त्याच्या शेजारी १ शेराचा. तराजू समतोल झाला की गूळ भरला २ शेर. म्हणजे २ शेरांच्या तुकड्याची गरजच नव्हती! १ आणि ३ या दोनच तुकड्यांत १, २, ३, ४ अशी सगळी वजनं झाली. उरलेले दोन तुकडे मी इथे सांगत नाही.

त्या मुलीनं जे शोधलं ते साधं नाही. एकच वस्तू एका पारड्यात टाकली तर मिळवायची, दुसऱ्यात टाकली तर वजा करायची, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. सहावीत पूर्णांक संख्यांचा पाठ लागेल तेव्हा ऋण संख्या तिला ओळखीच्या वाटतील, आणि समीकरणात एका बाजूचं पद दुसरीकडे नेताना चिन्ह का बदलतं, हेही तिला पाठ करावं लागणार नाही.

कोड्यांसाठी वेळ नाही, आधी सराव झाला पाहिजे, असं शिक्षक म्हणतात. त्याला उत्तर एका शाळामास्तरांच्याच गणितात आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षं मास्तर होते. त्यांनी दाखवलेली एक गंमत आता जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक एकसारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, उत्तराचं पुन्हा तसंच करा. २०२५ हे साल घेऊ. ५२२० वजा ०२२५ म्हणजे ४९९५. मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि शेवटी ६१७४. इथून पुढे कितीही वजाबाक्या करा, ६१७४च येणार. कोणत्याही संख्येपासून सुरुवात केली तरी फार तर सात पायऱ्यांत तिथेच पोचायचं. हातच्याच्या सहा वजाबाक्या गृहपाठाला दिल्या तर चौथीतलं मूल तोंड वाकडं करतं. इथे ते आपली जन्मतारीख घेतं, मग बहिणीची, मग गाडीचा नंबर, आणि ६१७४ येईपर्यंत वजाबाक्या करत राहतं. सराव म्हणतात तो आणखी कोणता?

याच कापरेकरांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या संख्यांमध्ये ४५ ही एक आहे. ४५चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. शिवाय १ ते ९ या अंकांची बेरीज ४५, आणि त्याच नऊ अंकांच्या घनांची बेरीज २०२५. एवढं तरी प्रत्येक शाळेत फळ्यावर यावं, असं फार वाटतं. कापरेकरांना हयातीत इथल्या विद्वानांनी बराच काळ हौशी म्हणून बाजूला ठेवलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि मग देवळालीचे हे मास्तर सर्वदूर पोचले. ती चूक विद्वानांची होती. शाळांनी तरी ती पुन्हा करू नये.

खरं तर कोड्यातून गणित ही आपली जुनीच वाट. भास्कराचार्यांनी ११५० साली पुरा केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तला पहिला भाग म्हणजे लीलावती. तिथे नऊ हात उंच खांबावर मोर बसलेला आहे, खांबाच्या पायथ्याशी बीळ आहे, २७ हातांवरून साप बिळाकडे येतोय. मोर झेपावतो, दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडली? काटकोन त्रिकोणाचा नियम मुलाला इथे मोराच्या झेपेत भेटतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही गणितात कोडी आणि खेळ नियमित वापरा, असं म्हटलं आहे. धोरण कागदावर आलं, वेळापत्रकात त्याला तास मिळालेला नाही.

म्हणून तास न मागता करण्यासारखं एक काम सुचवतो. आपल्या प्रत्येक शाळेच्या व्हरांड्यात सुविचाराचा फलक असतो. त्यावर सुविचाराच्या खाली सोमवारी एक कोडं लिहावं आणि शनिवारपर्यंत पुसू नये. ज्याला सुटलं त्यानं ओरडायचं नाही, गुरुजींच्या किंवा बाईंच्या कानात सांगायचं. बरोबर असेल तर त्यांनी फक्त मान हलवायची. शनिवारी सोडवलेल्या मुलांपैकी कुणी तरी आपली रीत सांगावी, दुसऱ्या कुणाची वेगळी असेल तर तीही. कुणालाच सुटलं नसेल तर कोडं आणखी एक आठवडा राहू द्यावं. स्वतः शिक्षकालाही ते सुटलं नसेल तर तसं मुलांना सांगावं. मोठ्या माणसालाही अडतं हे दिसलं की घाबरणारं मूल निम्मं मोकळं होतं.

या अंकातली कोडी त्यासाठी कुणीही घ्यावीत, परवानगी विचारायची गरज नाही. कोणत्याही कोड्याखाली इयत्ता छापलेली नाही, आणि ते मुद्दाम केलं आहे. आठवीतल्या दादाला न सुटलेलं तिसरीतल्या धाकटीला सुटू शकतं, आणि तिला आपण तिसरीत आहोत याची आठवण छापील अंकानं करून द्यावी असं आम्हाला वाटलं नाही.