नारिंगी पेडल आणि मांडवातला मिक्सर

या आठवड्यात पुन्हा तेच. "भाऊ, डिस्टॉर्शनचा कोणता पेडल घेऊ?" विचारणारा पोरगा फुलसावंगीकडचा, गणपतीत ऑर्केस्ट्रासोबत वाजवणार आहे. प्रश्नाला शहरातल्या दुकानदाराचा सल्लाही चिकटवलेला: नारिंगी घेऊन टाक, जगभर तोच वाजतो.

जगभर वाजतो हे खरं. हा नारिंगी म्हणजे बॉसचा डीएस-१, १९७८ पासून विकला जातोय, कर्ट कोबेनच्या पायाखालीही तोच होता. पण कोबेनच्या पेडलपुढे गिटारचा अँप असायचा. आपल्या महागावात गिटारचा अँप कुणाकडे आहे? आपली वायर पेडलमधून निघते ती थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये घुसते आणि तिथून टॉपला, म्हणजे मांडवातल्या मोठ्या स्पीकरला.

गोम इथेच आहे. गिटार-अँपचा १२ इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचं बरंचसं गिळतो, आणि पेडल बनवणाऱ्यानं ते धरूनच चाललेलं असतं. मांडवातले टॉप काही गिळत नाहीत. डीएस-१ मध्ये डायोड सिग्नल सरळ ग्राउंडकडे वळवतात, त्यामुळे लाटेचे शेंडे सपाट छाटले जातात आणि वरचे सूर भसाभस तयार होतात. अँपवर हाच आवाज भरदार लागतो. टॉपवर ऐका, उकळत्या तेलात ओली मिरची टाकल्यासारखा चरचरतो. साउंडवाला बिचारा ट्रेबल उतरवतो, मग गिटारच गायब.

आता आयबानेझचा हिरवा ट्यूब स्क्रीमर घ्या. याचे डायोड ऑप-अँपच्या फीडबॅकमध्ये बसवलेले, म्हणून छाटणी गोलसर होते. शिवाय साधारण ७२० हर्ट्झच्या खालचं तो छाटणीआधीच पातळ करतो आणि मधला पट्टा पुढे काढतो. खोलीत एकटा वाजवला तर नाकात बोलतो, म्हणून पोरं नाक मुरडून परत ठेवतात. मांडवात मात्र खालची जागा ढोलानं खाल्लेली, वरची ऑक्टोपॅडच्या झांजांनी. उरतो तो मधला पट्टा, आणि हिरवा नेमका तिथेच बोलतो. मेटलवाल्यांना मिळमिळीत वाटेल. वाटू द्या. आपल्याकडे फर्माईश भीमगीतांची आणि लावणीची येते.

यंत्र जिथे वाजणार तिथेच ऐकून घ्यावं, हे बँजोवाल्यांना कधीचंच कळलंय. विदर्भात सगळ्यात तयार कान बँजोवाल्याचा, असं माझं मत आहे, पुरावा मागू नका. तो कुठलंही यंत्र विकत घेण्याआधी वरातीच्या गाडीवर लावून ऐकतो. बाकी त्याचं वाद्य मूळचं १९१२ चं जपानी ताइशोगोतो, ऑक्टोपॅड रोलँडचा, बॉसही रोलँडचाच. तरी वर्गणीच्या पावतीवर 'आपली परंपरा' छापायला मंडळं मोकळी.

तर पोरा, नारिंगीच हवा असेल तर त्याच्या पुढे कॅबिनेट सिम्युलेशन असलेला छोटा प्रोसेसर लाव. जुना चालेल. त्यातलं बाकी सगळं बंद ठेव, फक्त कॅबिनेट चालू, आणि मगच वायर मिक्सरला. दुकानात अँपवर ऐकून भुलू नकोस, मिक्सरला लावून मागायचं. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान. आणि अडॅप्टर ९ व्होल्टचा, मधलं टोक ऋण असलेलाच घे. कीबोर्डवाल्याचा बसतो म्हणून खुपसू नकोस, तो अनेकदा १२ व्होल्टचा आणि उलट ध्रुवाचा निघतो.