दानपेटीला दोन कुलपं, आणि ईमेलला?

आमच्या चर्चच्या दानपेटीला दोन कुलपं आहेत. एक किल्ली खजिनदारांकडे, दुसरी पाळकसाहेबांकडे. दोघं समोर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही, ही जुन्या मंडळींनी घालून दिलेली शिस्त. आणि चर्चच्या ईमेलचा पासवर्ड? तो ऑफिसातल्या कॅलेंडरवर पेनाने लिहिलेला! चर्चचं नाव आणि पुढे स्थापनेचं साल. साल तर दारावरच्या फरशीवरच कोरलंय.

माझं याकडे लक्ष गेलं ते एका बहिणीच्या रडण्यामुळे. महिला मंडळाच्या सभेत बायका प्रार्थनेसाठी चिठ्ठ्या देतात. कुणाच्या नवऱ्याची दारू, कुणाच्या मुलीचं मोडलेलं लग्न, कुणाचा दवाखान्याचा रिपोर्ट. पूर्वी प्रार्थना झाली की चिठ्ठ्या फाडून टाकायचो. मग तरुण संघातला एक हुशार मुलगा म्हणाला, "मावशी, मी सगळं कॉम्प्युटरवर घेतो." त्याने यादी केली, लिंक ग्रुपवर टाकली. ती ज्याच्या हाती लागेल त्याला उघडत होती. महिन्याभरात या बहिणीला तिच्या घरातली गोष्ट भाजीबाजारात ऐकायला मिळाली. मला म्हणाली, "ताई, मी देवाला सांगितलं होतं हो, गावाला नाही."

मुलाला काय बोलणार? त्याने चांगल्या मनाने केलं. आम्ही मोठ्यांनी एकदाही विचारलं नाही की, बाबा, हे कोणाकोणाला दिसणार?

"चर्चमधून चोर काय नेणार?" असं आमचे एक पंच म्हणाले. अमेरिकेत ओहायो राज्यात ब्रन्सविक गावी सेंट अँब्रोज नावाचं कॅथलिक चर्च आहे. एप्रिल २०१९ मध्ये, ऐन ईस्टरच्या आठवड्यात, त्यांच्या दुरुस्तीच्या ठेकेदाराने विचारलं, दोन महिन्यांचे पैसे का नाही आले? चर्चने तर पाठवले होते! चोरांनी चर्चच्या ईमेलमध्ये शिरून ठेकेदाराचं बँक खातं बदलल्याची थाप मारली होती. सुमारे साडेसतरा लाख डॉलर गेले. आपल्याकडे रक्कम लहान असेल, पण युक्ती तीच. खातं बदललंय असा ईमेल आला की आपल्याजवळच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं. पैसे गेलेच तर लाजत न बसता लगेच १९३० वर कळवायचं.

पैशापेक्षा मला भीती वाटते ती माहितीची. बाप्तिस्म्याच्या नोंदी, लग्नाच्या नोंदी, दशांश कोण किती देतं, संडे स्कूलच्या पोरांची नावं, जन्मतारखा, फोटो. पैसे पुन्हा जमवता येतात, फुटलेली गोष्ट परत घेता येत नाही. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही आले. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी आईबापांची संमती त्यात सांगितली आहे. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. पण आपल्या लेकरांसाठी कायद्याची वाट कशाला पाहायची?

तर आम्ही बायकांनीच मनावर घेतलं. यादी आधी पुसली. पासवर्ड बदलायला बसलो तर ओटीपी जाई मागच्या सेक्रेटरींच्या नंबरवर, आणि ते तर कधीच पुण्याला गेलेले! बरं, त्यांनी नंबर चालू ठेवला होता. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनी कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. मग चर्चची किल्ली कुणा परक्याच्या खिशात की! आता एकमेकांशी संबंध नसलेल्या चार मराठी शब्दांचा लांबलचक पासवर्ड ठेवलाय. नवीन ठिकाणाहून उघडायला गेलं की ओटीपीही लागतो. कॅलेंडर मी स्वतः उतरवलं.

एक ज्येष्ठ बंधू रुसले. "देवाच्या घरात एवढा अविश्वास?" मी म्हटलं, "दादा, मग दानपेटीची कुलपंही काढू या का?" त्यावर ते काही बोलले नाहीत. नवीन पंच निवडून आले की त्याच दिवशी पासवर्ड बदलायचा, हा ठराव पुढच्या बैठकीत ठेवणार आहे. चिठ्ठ्या मात्र आम्ही पुन्हा फाडायला लागलोय. ती बहीण सभेला येते, पण चिठ्ठी अजून देत नाही.