द्विष्ट आणि अपथ्य

२०२४ च्या आरंभी, शाळेतील पोषण आहारात अंडे द्यावे की देऊ नये हा वाद आमच्या तालुक्यात रंगला असताना, एके दिवशी सायंकाळी चार प्रतिष्ठित गृहस्थ आमच्या चिकित्सालयात आले. त्या दिवशी ते रुग्ण म्हणून आले नव्हते. एरवी चौघांपैकी तिघांची नाडी आमच्या चांगल्या परिचयाची आहे. त्यांच्या हाती एक निवेदन होते. अंडे हे आयुर्वेदाच्या दृष्टीने तामसी व बालकांस अपायकारक असल्याने शाळेत त्यास बंदी असावी, असा त्याचा आशय होता आणि खाली गावातील वैद्य म्हणून आमची सही हवी होती. "वैद्यराज, आमच्या सह्यांना कोण विचारतो? तिथे शास्त्राची सही पाहिजे," असे त्यांतील ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले.

आम्ही सही केली नाही. मंडळी नाराज होऊन गेली. ही गोष्ट आम्ही एव्हाना विसरलोही असतो. परंतु अशाच आशयाचा ठराव आपल्या संघटनेच्या आगामी सर्वसाधारण सभेत मांडावा, असे काही सभासदांच्या मनात असल्याचे कळते. म्हणून आमची बाजू आम्ही वैद्यबंधू-भगिनींपुढे आणि औषधी निर्मात्या-विक्रेत्यांपुढे ठेवीत आहोत.

आधी वस्तुस्थिती. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला. जे विद्यार्थी अंडे खात नाहीत त्यांना केळे मिळणार होते. म्हणजे कोणाच्याही ताटात बळजबरीने अंडे पडणार नव्हते. तरीही विरोध झाला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यासाठीचा निधी थांबविला व ज्या शाळांना द्यावयाचे असेल त्यांनी लोकसहभागातून खर्च भागवावा असे ठरले. निधी थांबविण्याच्या कारणांत आम्ही शिरत नाही. आमचा प्रश्न त्या निवेदनातील एका शब्दापुरता आहे, आणि तो शब्द म्हणजे 'अपायकारक'.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात हंस, चकोर, कोंबडी, मोर, चिमणी इत्यादींच्या अंड्यांचे गुण सांगितले आहेत. क्षीणरेतस्, कास, हृद्रोग व क्षत या अवस्थांत ती हितकर असून सद्य बल देणारी आहेत, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. हे आपण सर्वांनी पदवीच्या पहिल्या वर्षांतच वाचले. अंड्याविषयी वैद्याला शंका असू नये असे मात्र आमचे म्हणणे नाही. मंदाग्नी असलेल्या बालकास ते जड पडते काय, चैत्र-वैशाखाच्या उन्हात ते शाळेत किती दिवस पडून राहते, एखाद्या मुलाच्या अंगावर त्याने पित्त उठते काय, हे सारे प्रश्न रास्त आहेत आणि ते आपणच विचारले पाहिजेत. परंतु निवेदनात यांतील एकही प्रश्न नव्हता. त्या चार गृहस्थांना अंडे आवडत नाही एवढेच त्यात होते. फक्त नावड शास्त्राची वस्त्रे लेऊन आली होती.

दुसऱ्या बाजूस काय आहे तेही पाहावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे आणि सुमारे चौथा हिस्सा बालके उंचीच्या मानाने कृश आहेत. प्राथमिक शाळेतील मुलास दुपारच्या जेवणातून १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे योजनेचे प्रमाण आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. ज्या घरी डाळ पातळ होत होत नुसती फोडणीच उरली आहे, त्या घरच्या मुलाच्या तोंडचे अंडे काढून घ्यावयाचे असेल तर कारण तेवढ्याच वजनाचे असावयास हवे.

येथे आम्हांस आमची एक चूक सांगितली पाहिजे. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत राजयक्ष्म्यातून उठत असलेला एक तरुण हमाल आमच्याकडे आला. आधुनिक औषधे चालू होती. त्याला बल हवे होते. आमच्या घरी मांस-अंडी येत नाहीत. आम्ही त्याला अंडी व मटणाचा रस्सा वर्ज्य करावयास सांगितले आणि दूध-तूप लिहून दिले. दूध-तूप त्याला परवडत नव्हते. दोन महिन्यांनी तो आला तेव्हा वजन वाढण्याऐवजी घटले होते. आमच्या गुरुवर्यांच्या कानावर हे गेले. त्यांनी राजयक्ष्मा चिकित्सेचा अध्याय काढून आमच्यासमोर ठेवला आणि त्यात मांसरस कितीदा येतो ते मोजावयास सांगितले. स्वतः ते कांदाही खात नसत! त्या दिवशी आम्हांस उमगले की, आम्ही त्या हमालाला अपथ्य सांगितलेच नव्हते. आम्ही त्याला आमचे घर सांगितले होते.

आपल्या शास्त्रात या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. एक द्विष्ट आणि दुसरा अपथ्य. द्विष्टार्थसंयोगज छर्दी हा छर्दीचा स्वतंत्र प्रकार चरकांनी मानला आहे. ज्याचा तिटकारा आहे ते नुसते दिसले, त्याचा वास आला, तरी माणसास उलटी होते. म्हणजे नावड ही खोटी नव्हे. ती शरीरात उतरते. म्हणून ज्याला अंड्याची शिसारी आहे त्याच्या पंगतीत ते वाढू नये, वेगळी भांडी ठेवावीत, त्याला केळे द्यावे. हे शास्त्राला धरूनच आहे. मात्र येथे हेतू द्वेष करणाऱ्याच्या मनात असतो, द्रव्यात नसतो, आणि चिकित्साही त्या रुग्णाचीच करावयाची असते. आहारविधीची आठ विशेषायतने सांगताना आचार्यांनी आठवे स्थान 'उपयोक्ता' याला दिले ते उगाच नव्हे. खाणारा कोण हे पाहिल्यावाचून पथ्यापथ्य ठरत नाही. शेजाऱ्याच्या छर्दीवरून याचे अपथ्य ठरविण्याची पद्धती आम्हांस तरी कोणत्याही संहितेत आढळलेली नाही.

लसणाचे उदाहरण तर प्रत्येकास ठाऊक असावे. मनुस्मृतीने लसूण व कांदा द्विजांस अभक्ष्य ठरविले. तो काळ आणि तो समाज ध्यानी घेता वैद्यांनी लसणाचे नाव टाकून दिले असते तर कोणी दोष दिला नसता. परंतु काश्यप संहितेत लशुनकल्प नावाचा अध्यायच आहे. वाग्भटांनी राहूच्या छिन्न कंठातून गळलेल्या अमृतबिंदूंची कथा सांगितली. दैत्याच्या देहाचा स्पर्श झाला म्हणून द्विज ते खात नाहीत, पण साक्षात अमृतापासून झाल्याने रसायनांत ते अग्रणी, असे दोन्ही त्यांनी एकाच ठिकाणी नोंदविले. १८९० मध्ये मध्य आशियात कुचा येथे बॉवर यांच्या हाती लागलेल्या प्राचीन हस्तलिखितातील लशुनविषयक भागात तर मोठी मौज आहे. गाईला तीन रात्री जवळजवळ उपाशी ठेवावे, मग दोन भाग गवत व एक भाग लसणाची पात असे खाऊ घालावे, आणि तिचे दूध, दही, तूप वा ताक ब्राह्मणाने घ्यावे. रोगही जातो व आचारही राहतो! आम्हांस या युक्तीचे हसू येते, आणि लागलीच आदरही वाटतो. त्या अज्ञात वैद्याने ब्राह्मणाच्या नावडीचा मान राखला. तिच्यासाठी इतरांचा लसूण मात्र बंद केला नाही.

औषधी निर्मात्यांना जवळचे वाटेल असे दुसरे उदाहरण. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची भाषा इतकी व्यापक होती की मद्यार्क असलेली द्रवरूप औषधेही तिच्या कक्षेत आली. दारूने घरे बुडतात हे आम्ही रोज पाहतो. त्या बंदीमागे केवळ नावड होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्वेषाने टाकलेल्या जाळ्यात काय काय अडकते ते पाहावे. बलसारा नामक मुंबईच्या नागरिकाच्या प्रकरणात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी सर्वसाधारणपणे वैध ठरविली. मद्यार्कयुक्त औषधी व प्रसाधनांना मात्र तीतून सोडविले. ज्या द्रवात मद्यार्क आहे तो सरसकट दारू, हेच मोजमाप टिकते तर संधानाने आपोआप मद्यार्क उत्पन्न होणाऱ्या आपल्या कुमार्यासवाचे व द्राक्षारिष्टाचे काय झाले असते, याचा विचार ज्यांच्या कपाटात या बाटल्या ओळीने उभ्या आहेत त्यांनी करावा.

मग बंदी कधीच नको काय? तसे नाही. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा बंद केला तेव्हा आम्ही आनंदलो, कारण मुखाचा कर्करोग हा कोणाच्या आवडीनिवडीचा विषय नव्हे. याउलट आपल्याला न रुचणारे उदाहरणही सांगितले पाहिजे. ईश्वरी ही आपल्या परंपरेतील मानाची वनस्पती. तिच्या कुळातील चिनी वनस्पती कृश होण्यासाठीच्या औषधातून पोटात गेल्याने बेल्जियममधील अनेक स्त्रियांची वृक्के निकामी झाल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या कुळातील ॲरिस्टोलोकिक आम्ल वृक्कांस घातक व कर्करोगकारक असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि अनेक देशांनी त्या वनस्पतींवर बंदी घातली. आपल्यातील काहींना ही परकीयांची कुरापत वाटली. आम्हांस ती बंदी योग्य वाटते. अपाय दाखविला गेला. आपली प्रीती तेथे पुरावा होऊ शकत नाही.

या दोन टोकांच्या मधला मार्ग तर आपण रोजच चालतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ई (१) मध्ये वत्सनाभ, कुचला, धत्तूर, भल्लातक, पारद, हरताळ यांची नावे आहेत. ही विषे असूनही ती निषिद्ध नाहीत. शोधन करावे, मात्रा पाळावी, पोटात घेण्याच्या अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी, एवढी अट आहे. वत्सनाभासारखे द्रव्य ज्या कायद्यात सावधगिरीने नांदते, त्याच देशात उकडलेले अंडे मात्र नांदू नये असे वैद्याने लिहून द्यावयाचे, हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आपल्या भस्मांचे नाव ऐकताच कपाळास आठ्या घालणारे, आपली पद्धतीच बंद करावी म्हणणारे लोक थोडे नाहीत. त्यांना आपण काय उत्तर देतो? अपाय दाखवा, कोणते भस्म, कोणत्या निर्मात्याचे, कसे मारण केलेले, किती मात्रेत, ते सांगा. तुम्हांस आमची पद्धती पसंत नाही एवढ्यावर आमची दुकाने बंद करता येणार नाहीत. हे उत्तर योग्य आहे. पण ते देण्याचा अधिकार शाळेतल्या अंड्यापाशी आपण सोडून दिला, तर पुढच्या वेळी कोणत्या तोंडाने ते देणार आहोत?

ठराव सभेपुढे आलाच तर आम्ही एक दुरुस्ती सुचविणार आहोत. अंड्याने कोणत्या वयाच्या, कोणत्या प्रकृतीच्या बालकास, किती मात्रेत, कोणता अपाय होतो हे ठराव मांडणाऱ्याने पहिल्या परिच्छेदात लिहावे, आणि त्यास ग्रंथाचा वा अनुभवाचा आधार द्यावा. तो परिच्छेद भरला तर आम्ही पुन्हा वाचू व पटल्यास सहीही करू. तो कोरा राहिला तर आमचे मत विरुद्ध पडेल, मग सभेत आम्ही एकटे असलो तरी चालेल. त्या चार गृहस्थांपैकी ज्येष्ठ होते ते मध्यंतरी गुडघ्यांच्या वातासाठी पुन्हा आले होते. आम्ही रसोन क्षीरपाक सुचविला. त्यांच्या घरी लसूण चालत नाही. आम्ही तो खोडून एरंडमूलाचा काढा लिहून दिला.